उपटून भागत नाही, पेरावेही लागते

पावसाच्या दोन-चार सरी पडल्या की घराभोवतीची मोकळी जागा हिरवी दिसू लागते आणि डोळ्यांना बरे वाटते. पण ती हिरवळ कसली आहे, हे वाकून कोणी पाहत नाही. नाशिकच्या नव्या वसाहतींत, बंद घरांच्या आवारात, वर्षानुवर्षे बांधकामाची वाट पाहणाऱ्या प्लॉटमध्ये ती पुष्कळदा गाजर गवताची असते. महिना-दीड महिन्यात त्यावर बारीक पांढरी फुले येतात. मग कोणाला शिंका, कोणाला डोळ्यांची खाज, तर कोणाला मानेवर आणि कोपराच्या घडीत पुरळ, अशा तक्रारी सुरू होतात.

हे गवत मूळचे आपले नव्हे. ते अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशातून आले. आपल्या देशात ते १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेत भरले. परदेशातून आयात केलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले असे मानतात. त्याला ‘काँग्रेस गवत’ असेही म्हणतात. पाने गाजरासारखी म्हणून ‘गाजर गवत’. १९७० च्या दशकात पुण्यातील रुग्णांच्या त्वचारोगावर वैद्यकीय नियतकालिकांत लेख आले, आणि ही केवळ शेतकऱ्याची डोकेदुखी नाही हे जगाला कळले. या झाडात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. वाळलेल्या पानाफुलांची पूड वाऱ्याबरोबर उडते आणि उघड्या अंगावर बसते. ज्यांना त्याची ॲलर्जी जडते त्यांच्या पापण्या सुजतात, चेहरा व मान खाजते, कातडी जाड व काळसर होते. परागकणांमुळे सर्दी आणि दमा बळावतो तो वेगळाच. एकदा जडलेली ही ॲलर्जी सहसा पाठ सोडत नाही.

यावर आपण काय करतो? वर्षातून एकदा सफाई मोहीम निघते. गवत कापले जाते, ढीग रस्त्याच्या कडेला पडतो आणि सगळे समाधानाने घरी जातात. पुढच्या पावसात तेच गवत अधिक जोमाने वर येते. याचे कारण साधे आहे. गाजर गवताचे एक झाड हजारोंनी बी टाकते. ते बी मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहते, आणि मोकळी, उकरलेली जमीन हीच त्याची आवडती जागा. म्हणजे नुसते उपटून आपण त्याच्यासाठी वाफाच तयार करून देतो! आमचे स्पष्ट मत असे की, उपटणे हे अर्धे काम आहे. त्या जागी दुसरे काही दाट उगवून जमीन झाकली, तरच आरोग्याच्या दृष्टीने त्या श्रमाला अर्थ आहे.

आणि झाकायचे कशाने? लॉन म्हटले की श्रीमंतांचा बंगला आणि फवारे डोळ्यांपुढे येतात. तसे काही नको. थंड देशांतल्या गवताचे सुबक पाकिटातले बी नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात टिकत नाही. आपली हरळी, म्हणजेच दूर्वा, हेच आपल्या अंगणाचे खरे गवत. गणपतीच्या दिवसांत आपण दूर्वांच्या जुड्या बाजारातून विकत आणतो आणि अंगण मात्र गाजर गवताला आंदण देतो, याला काय म्हणावे?

आता हे कसे करावे ते पाहू.

पहिले काम उन्हाळ्यातच करावे. आवारातील फुटक्या कुंड्या, टायर, करवंट्या, डबे, विटांचे तुकडे हलवावेत. पावसाचे पाणी अशाच वस्तूंत साचते आणि डेंग्यूचा डास तेथेच वाढतो. ढिगात हात घालण्यापूर्वी काठीने हलवून पाहावे, विंचू-सापांची ती घरेच असतात. पायात बूट हवेतच. काच किंवा गंजका खिळा लागला तर जखम साबण-पाण्याने धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनासाठी डॉक्टरांकडे जावे. साप चावल्यास मांत्रिक, कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांत वेळ न दवडता थेट रुग्णालय गाठावे.

जून-जुलैमध्ये पेरण्याची घाई करू नये. पहिल्या पावसाने जमिनीतले तणाचे बी आपोआप उगवते, ते उगवू द्यावे. रोपे बोटभर झाली की खुरप्याने वरच्यावर खरवडून काढावीत. खोल खणू नये, कारण खणले की खालचे बी वर येते. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की वरच्या थरातला बियांचा साठा पुष्कळ कमी होतो. मोठी झाडे असतील तर पाऊस पडून माती ओली असताना, फुले येण्याआधी, मुळासकट उपटावीत. त्या वेळी पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे आणि तोंडाला रुमाल हवा. काम झाल्यावर आंघोळ करावी व ते कपडे वेगळे धुवावेत. दम्याचे किंवा अंगाला खाज सुटणारे लोक आणि लहान मुले यांनी या कामात पडू नये. उपटलेले गवत जाळण्याचा मोह टाळावा, धूर दम्याच्या रुग्णाला सोसत नाही. फुलावर न आलेले गवत खड्ड्यात पुरून त्याचे खत करता येते.

पेरणी ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत करावी. तोवर पावसाचा जोर ओसरतो आणि बी वाहून जात नाही. नोव्हेंबरनंतर पेरू नये, नाशिकच्या थंडीत हरळी वाढायची थांबते. जमीन काळी व चिकट असेल तर वरच्या थरात जाड वाळू आणि पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे. कच्चे शेणखत किंवा कोठूनही आणलेली माती म्हणजे पुन्हा गाजर गवताचे बी विकत घेणे होय. पाणी घराच्या भिंतीकडे न येता बाहेर वाहील असा थोडा उतार द्यावा. वाफसा आला की दहा फूट लांब, दहा फूट रुंद जागेला ५० ते ९० ग्रॅम बी पुरे. हरळीचे बी फार बारीक असते. ते कोरड्या वाळूत मिसळून निम्मे उभे व निम्मे आडवे फोकावे, वरून बारीक मातीचा जेमतेम थर देऊन फळीने दाबावे. ते खोल गेले तर उगवत नाही. पाऊस नसेल तेव्हा झारीने दिवसातून दोन-तीनदा हलके पाणी शिंपडावे. दहा ते वीस दिवसांत कोंब दिसू लागतात. दोन इंच वाढल्यावर पहिली कापणी वरवर करावी.

काही शंका येतीलच. शेतकरी म्हणतील, हरळी तर आमची वैरीण! खरे आहे. द्राक्षबागेच्या किंवा भाजीच्या वाफ्याच्या कडेला ती लावू नये. पण शेतात जो तिचा दुर्गुण, तो मोकळ्या अंगणात गुण ठरतो. दुसरी शंका पाण्याची. गंगापूर धरणाचे पिण्याचे पाणी उन्हाळ्यात गवतावर ओतणे हा अपराधच होय. जम बसलेली हरळी उन्हाळ्यात पिवळी पडते आणि पावसाने पुन्हा फुटते. तिला पिवळी पडू द्यावी. तिसरी शंका वैद्यकीय आहे आणि ती महत्त्वाची. हरळीच्या परागांचीही काहींना ॲलर्जी असते. म्हणून तिला तुरे येऊ न देता नियमित कापावी.

दाट झाडाखाली हरळी येत नाही, तेथे पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवावे. कुंपणाबाहेरच्या पट्ट्यात टाकळा वाढू द्यावा. तो गाजर गवताला दाबून टाकतो, आणि पावसाळ्यात त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजीही होते.

ज्यांना त्रास आधीच सुरू झाला आहे त्यांनी दुकानातून विचारून आणलेली मलमे चेहऱ्यावर चोळू नयेत. त्यांत बहुधा स्टिरॉइड असते. काही दिवस बरे वाटते आणि पुढे कातडी पातळ होते. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून ॲलर्जीची चाचणी करून घ्यावी.

जबलपूरच्या तण संशोधन संस्थेच्या पुढाकाराने १६ ते २२ ऑगस्ट हा आठवडा देशभर गाजर गवत जागृतीसाठी पाळला जातो. त्या वेळी शाळा, मंडळे आणि नगरसेवक फोटोपुरते गवत उपटतात. यंदा त्यांनी उपटलेल्या जागेवर पेरायला किलोभर बीही सोबत न्यावे. रिकाम्या प्लॉटच्या मालकांनाही दर वर्षी नुसती साफसफाईची नोटीस देण्यापेक्षा जमीन झाकण्याची अट घालावी. आपल्या प्लॉटची किंमत मालकाला मिळते, पण त्यातल्या गवताची किंमत शेजारच्या घरातले दम्याचे मूल मोजत असते.