कोर्टात न जाणारी वकील

ईदच्या तिसऱ्या दिवशी आमची एक माजी विद्यार्थिनी अम्मीला घेऊन घरी आली. मुलगी आता पुण्यातल्या एका कंपनीत वकील आहे. शीरखुर्म्याची वाटी हातात घेतली आणि अम्मींनी लगेच मनातली तक्रार मांडली. "सर, हिच्या अब्बांनी एस.टी.च्या पगारात पाच वर्षं कायदा शिकवला. काळा कोट शिवून दिला. दोन वर्षं घातला असेल, आता तो कपाटात आहे. ही म्हणते, मला कोर्टात उभं राहता येत नाही. मोहल्ल्यात बायका विचारतात, मुलगी कुठल्या कोर्टात बसते? मी काय सांगू?"

मुलगी नुसती हसली. खरे सांगायचे तर आम्हालाही नीट उत्तर देता आले नाही. वकील म्हटले की आमच्याही डोळ्यांपुढे जिल्हा न्यायालयाचे आवार, बाकावर बसलेले पक्षकार आणि पुकारा करणारा शिपाई एवढेच उभे राहते. मग आम्ही शिक्षकाची खुर्ची सोडली आणि तिलाच म्हणालो, "आज तू शिकव." त्या दुपारी जे समजले आणि नंतर वाचून जे पडताळले, ते वाचकांपुढे ठेवत आहोत. अनेक घरांत मुले-मुली कायद्याकडे वळत आहेत. त्यांतली बरीचशी अशाच नोकऱ्यांत जाणार आहेत.

आधी अम्मींच्या तक्रारीचे उत्तर. मुलगी खोटे सांगत नव्हती. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत ४९ क्रमांकाचा नियम आहे. वकिली करीत असताना वकिलाने कोणत्याही व्यक्तीची, सरकारची, फर्मची वा कंपनीची पूर्णवेळ पगारी नोकरी करू नये, असा तो नियम. नोकरी धरली तर बार कौन्सिलला तसे कळवायचे आणि नोकरी असेपर्यंत वकिली बंद ठेवायची. सोप्या भाषेत, सनद स्थगित होते. नोकरी सुटली की ती पुन्हा सुरू करून घेता येते. सर्वोच्च न्यायालयानेही २००१ साली हिमाचल प्रदेशातल्या वीज मंडळाच्या एका विधी अधिकाऱ्याच्या प्रकरणात हेच सांगितले की, पूर्णवेळ पगारी नोकर वकील म्हणून नोंदला जाऊ शकत नाही. म्हणजे आपल्या विद्यार्थिनीची पदवी खरी, ज्ञान खरे, कामही कायद्याचेच. पण कायद्याच्या नजरेत आज ती 'अ‍ॅडव्होकेट' नाही.

मग ती करते काय?

पूर्वी कंपन्यांत 'लॉ ऑफिसर' असायचा. कागद सांभाळायचे, तारखा लक्षात ठेवायच्या, बाहेरच्या मोठ्या वकिलाकडे फाइल न्यायची आणि सुनावणीत काय झाले ते येऊन साहेबांना सांगायचे, हे त्याचे काम. भांडण झाल्यावर त्याची आठवण व्हायची. व्यवहार ठरवताना त्याला कोणी बोलावत नसे. सही झालेला कागद शेवटी त्याच्या कपाटात येऊन पडे.

१९९१ नंतर हे चित्र बदलू लागले. परदेशी कंपन्या आल्या, करार लांबलचक झाले. पुढे कायदेही एकामागून एक आले. २०१३ साली नवा कंपनी कायदा आला. त्याच वर्षी कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा कायदा आला आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती बंधनकारक झाली. २०१७ मध्ये जीएसटी, २०२३ मध्ये लोकांच्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा. प्रत्येक कायद्यात मुदती, नोंदी आणि दंड. भांडण होईपर्यंत थांबणे परवडेनासे झाले. म्हणून वकील फाइलींच्या खोलीतून उठला आणि निर्णय होतात त्या टेबलाशी येऊन बसला.

आमच्या विद्यार्थिनीने तिचा एक दिवस सांगितला. सकाळी एका पुरवठादाराचा करार वाचला. माल उशिरा आला तर भुर्दंड कोणी सोसायचा, हे त्यात लिहिलेच नव्हते. मग जाहिरातीचा मजकूर आला; त्यातला 'शंभर टक्के' हा शब्द तिने काढायला लावला, कारण तो सिद्ध करता येणार नव्हता. दुपारी नव्या जागेचे कागद. तिथे सातबारा आणि जुने फेरफार वाचायचे होते. कार्यालयातल्या बड्या कॉलेजांतून आलेल्या मुलांना ते मराठी लागेना. हिने वाचून दाखवले की, एका बहिणीचे नाव वारसनोंदीत आहे, पण विक्रीच्या कागदावर तिची सही नाही. व्यवहार थांबला. "सर, तुम्ही व्याकरण घोटून घेतलंत, ते तिथं कामाला आलं," असे ती म्हणाली. शिक्षकाला याहून मोठी ईदी कोणती?

पण खरी गोष्ट तिने शेवटी सांगितली, आणि तीही अम्मी आत ओट्याशी गेल्यावर.

नोकरीला पाच महिने झाले होते, अजून कायम व्हायची होती. कंपनीच्या गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचे काम एका कंत्राटदाराला दिलेले होते. काम जूनमध्येच सुरू झाले; करार मात्र झालाच नव्हता. ऑगस्टमध्ये एका हमालाच्या अंगावर माल कोसळला आणि त्याचा पाय मोडला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला बोलावले. करार तयार कर, सगळी जबाबदारी कंत्राटदाराची असे लिही आणि तारीख एक जूनची घाल. कंत्राटदार सही करायला तयार होता. त्याला पुढची कामे हवी होती. हमालाला तर यातले काही माहीतही नव्हते.

ती म्हणाली, "सर, त्या रात्री झोप लागली नाही. घरी भावाच्या फीचा हप्ता होता. राजीनामा दोनदा लिहिला आणि दोनदा पुसला."

सकाळी तिने साहेबांना तोंडी नकार दिला. पण नुसता नकार देऊन ती थांबली नाही. एक पानाचे टिपण लिहून दिले. त्यात तीन गोष्टी होत्या. एक, मागची तारीख घातलेला कागद उद्या कोर्टापुढे गेला तर सही करणाऱ्यांवरच गुन्ह्याचे संकट येईल. मुद्रांकाची तारीखच सगळे उघडे पाडील. दोन, असा कागद केला तरी उपयोग नाही. त्या वेळी लागू असलेल्या १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याप्रमाणे, धंद्याचे नेहमीचे काम कंत्राटदारामार्फत करून घेतले तरी जखमी कामगार मूळ मालकाकडे भरपाई मागू शकतो. मालकाने ती देऊन कंत्राटदाराकडून वसूल करायची. तीन, मार्ग काय? आजच्या तारखेचा करार करावा, काम जूनपासून चालू आहे हे त्यात खरेखरे लिहावे, पुढच्यासाठी विमा सक्तीचा करावा आणि हमालाची भरपाई देऊन टाकावी.

साहेब पंधरा दिवस तिच्याशी नीट बोलले नाहीत. शेवटी टिपण वरच्या अधिकाऱ्यांकडे गेले आणि तिने सुचवल्याप्रमाणेच झाले. हमालाला पैसे मिळाले. तिची नोकरी टिकली. मात्र त्या वर्षीची बढती दुसऱ्याला मिळाली. हे सांगताना तिच्या आवाजात कडवटपणा नव्हता, पण तिने नजर खाली वळवली, ती आम्ही पाहिली.

इथे आम्हाला दोन शब्द आठवले. उर्दूत वकिलाकडे काम सोपवणाऱ्याला 'मुवक्किल' म्हणतात, मराठीत 'अशील'. अशील हा शब्दही अरबीतूनच आला. मूळ माणूस, ज्याच्या वतीने बोलायचे तो. आता प्रश्न असा की, कंपनीच्या वकिलाचा अशील कोण? त्याला बोलावणारे साहेब, की कंपनी? पगाराच्या चिठ्ठीवर नाव कंपनीचे असते, पण हुकूम देणारा माणूस समोर बसलेला असतो. नव्या काळातल्या या नोकरीचा सारा पेच इथेच आहे. साहेबांना आज हवे असलेले आणि कंपनीच्या खऱ्या हिताचे, हे दोन्ही दरवेळी एकच नसते. ज्याला हा फरक कळतो आणि बोलून दाखवता येतो, तोच तिथे खरा वकील.

फरक न बोलल्याने काय होते, याचे एक मोठे उदाहरण अमेरिकेतले. जनरल मोटर्सच्या काही गाड्यांतले चावीचे बटण चालत्या गाडीत सरकून इंजिन बंद पडे आणि अपघातात एअरबॅग उघडत नसे. कंपनीतल्या काही लोकांना या बटणाची कुरकूर दहा वर्षांहून अधिक काळ माहीत होती. अखेर २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत मागवाव्या लागल्या. कंपनीनेच नेमलेल्या चौकशीच्या अहवालात दिसले की, अपघातांचे दावे विधी विभागाकडे येत होते आणि एकेक करून तडजोडीने मिटवले जात होते. पण विभागाच्या प्रमुखापर्यंत ही बाब पोहोचलीच नव्हती. १५ जणांना काढण्यात आले, त्यांत वकीलही होते. पुढे भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. प्रत्येक वकिलाने आपापली फाइल व्यवस्थित बंद केली होती. सगळ्या फाइली एकत्र ठेवून "गाडीतच दोष आहे" असे वर जाऊन ठणकावणारा कोणी निघाला नाही.

एन्रॉन कंपनी बुडाल्यानंतर अमेरिकेने २००२ मध्ये कायदाच केला की, गंभीर गैरप्रकाराचा पुरावा दिसला तर वकिलाने तो कंपनीच्या मुख्य विधी अधिकाऱ्याला किंवा मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला कळवावा आणि तिथे दाद लागली नाही तर संचालक मंडळापर्यंत न्यावा. १९८७ पासून जनरल इलेक्ट्रिकचा विधी विभाग सांभाळलेले बेन हाइनमन यांनी या पदाचे वर्णन दोन शब्दांत केले आहे: भागीदार आणि राखणदार. धंदा पुढे नेण्यात साथ द्यायची आणि त्याच वेळी कंपनीच्या सचोटीवर पहाराही द्यायचा. दोन्ही एकाच माणसाने करायचे, हे बोलायला सोपे आहे.

आपल्याकडे न्यायालयाने या अडचणीवर नेमके बोट ठेवले आहे. वकील आणि अशील यांच्यातले बोलणे गुपित राहते, त्याला कायद्याचे कवच आहे. हे कवच कंपनीच्या पगारी वकिलालाही आहे का? ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मधले पूर्ण कवच त्याला मिळणार नाही, कारण तो न्यायालयात वकिली करणारा स्वतंत्र वकील नाही. कलम १३४ खाली मर्यादित संरक्षण मात्र राहील. युरोपातल्या न्यायालयाने २०१० मध्ये स्पर्धाविषयक चौकशीच्या एका खटल्यात असेच म्हटले होते. कारण एकच. पगारावर अवलंबून असणारा माणूस पगार देणाऱ्यापुढे कितपत स्वतंत्र राहील?

हा अविश्वास आम्हाला अन्यायाचा वाटत नाही. तो स्वाभाविक आहे. त्याला उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही. ते त्या खुर्चीवर बसणारी माणसे रोज देत असतात. आमच्या विद्यार्थिनीने ते एका पानाच्या टिपणाने दिले.

ज्या घरांतून मुले या वाटेला जाणार आहेत, त्यांच्यासाठी तिने सांगितलेल्या काही गोष्टी. बारावीनंतर पाच वर्षांचा आणि पदवीनंतर तीन वर्षांचा, असे दोन अभ्यासक्रम आहेत. महाराष्ट्रात दोन्हींसाठी सीईटी असते. बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांतल्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी 'क्लॅट' ही वेगळी परीक्षा. पदवीनंतर सनद घ्यावी, अखिल भारतीय बार परीक्षाही देऊन टाकावी. उद्या नोकरी सोडायची वेळ आली तर परतीचा रस्ता मोकळा असतो. शक्य असेल तर आधी दोन वर्षे कोर्टात घालवावीत. बिघडलेला कागद तिथे काय हाल करतो हे पाहिलेला माणूस चांगला कागद लिहितो. इंग्रजी पक्के हवेच, पण मराठीचा कंटाळा करू नये. आणि तिची शेवटची सूचना: पहिल्या वर्षी तरी चार-सहा महिन्यांचा खर्च भागेल एवढे पैसे बाजूला ठेवावेत. ज्याच्या डोक्यावर हप्त्यांचे ओझे असते, त्याला 'नाही' म्हणणे फार जड जाते. ही सूचना आम्हाला मुलांपेक्षा आई-बापांसाठी जास्त मोलाची वाटली. नोकरी लागताच घराचे, लग्नाचे, गाडीचे सारे हप्ते तिच्या पगारावर टाकायचे आणि तिने सचोटीनेही वागावे अशी अपेक्षा धरायची, हे दोन्ही एकदम कसे जमेल?

निघताना अम्मी उंबऱ्यावर थांबल्या. "मग सर, मोहल्ल्यात काय सांगू?" आम्ही म्हणालो, "सांगा, भांडण कोर्टात जाण्याआधीच मिटावं म्हणून माझी मुलगी नोकरी करते." अम्मींना ते पटले असावे. मुलगी मात्र आमच्याकडे पाहत होती. हमालाची गोष्ट आम्ही घरात सांगू की काय, अशी धास्ती तिच्या चेहऱ्यावर होती. आम्ही सांगितली नाही. पुढे तिनेच ती घरी सांगितली आणि नाव-गाव न देता इथे लिहायची परवानगीही दिली. अब्बा ऐकून घेऊन एवढेच म्हणाले म्हणे, "भावाच्या फीचं मी बघतो. तू तुझी सही सांभाळ."