रॉक रेडिओचे मारेकरी

अमेरिकेतला रॉक रेडिओ मेला, त्याला आता कुत्रेही विचारीत नाही, नव्या पिढीच्या कानांना त्याची गरजच उरली नाही, अशी आवई गेली पंधरा-वीस वर्षे जे उठवीत आहेत ते कोण आहेत, हे एकदा नीट पाहून घ्या. ही ओरड श्रोत्यांची नाही, वादकांची नाही आणि निवेदकांची तर नाहीच नाही. ती आहे रेडिओ कंपन्यांच्या मालकांची, त्यांना कर्ज पुरवणाऱ्या पेढ्यांची आणि या दोघांच्या पदरी पोसलेल्या सल्लागारांची. ज्यांनी गळा दाबला तेच दारात बसून ऊर बडवीत आहेत! रॉक रेडिओला मोठा श्रोतृवर्ग अजून मिळू शकेल काय, असा प्रश्न ही मंडळी गंभीर चेहऱ्याने विचारतात. आमचे उत्तर असे की मिळेल. काही ठिकाणी आजही मिळतो आहे. पण तुमच्या हातून तो मिळणार नाही.

हा रेडिओ जन्मला कसा, हे मालकांना आठवत नसेल तर आम्ही आठवण करून देतो. साठच्या दशकात एफएम ही त्यांच्या लेखी अडगळ होती. एएमवर जे चाले तेच एफएमवर पुन्हा वाजवून ते मोकळे होत. लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांत एफएमवर निम्म्याहून जास्त वेळ अशी नक्कल चालणार नाही, असा दंडक एफसीसी या सरकारी नियामकाने घातला आणि तो 1967 पर्यंत अमलात आला. आता रिकामा वेळ भरायचा कशाने? मालकांकडे कल्पना नव्हती, म्हणून त्यांनी नाइलाजाने वेड्यांना आत घेतले. सॅन फ्रान्सिस्कोत केएमपीएक्स या केंद्रावर टॉम डोनाह्यू हा निवेदक आला. पुढल्याच वर्षी, 1968 च्या मार्चमध्ये, बोस्टनचे डब्ल्यूबीसीएन रॉककडे वळले. या लोकांनी तबकडीची अख्खी बाजू वाजवली, एका गाण्यानंतर कोणते यावे हे स्वतःच्या कानाने ठरवले आणि रात्री दोन वाजता जागे असणाऱ्यांशी माणसासारखे बोलले. लेड झेपेलिनचे ‘स्टेअरवे टू हेवन’ आठ मिनिटांचे. 1971 मध्ये आले तेव्हा अमेरिकेत सुटी तबकडी म्हणून ते विक्रीलाही ठेवले नव्हते. ते घरोघरी नेले एफएमच्या निवेदकांनी. आजच्या एकाही कार्यक्रम-व्यवस्थापकाने ते गाणे पहिल्या आठवड्यात वाजवायला हात लावला असता काय? पैज लावायला आम्ही तयार आहोत.

मग 1996 चा फेब्रुवारी उजाडला. बिल क्लिंटन यांनी दूरसंचार कायद्यावर सही केली आणि देशभरात एका मालकाने जास्तीत जास्त चाळीस केंद्रे बाळगावीत ही मर्यादा उडाली. मोठ्या शहरात एकट्याला आठपर्यंत केंद्रे ठेवण्याची मुभा मिळाली. या कायद्याने स्पर्धा वाढेल, असे छातीठोकपणे सांगितले गेले होते. वाढली ती हाव. क्लिअर चॅनेल ही टेक्सासची कंपनी चाळीसेक केंद्रांवरून काही वर्षांत बाराशेच्या वर गेली. हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता. तिची ही लूट दोन्ही पक्षांच्या संमतीने झाली, हे विसरता येत नाही.

लुटीनंतर सुरू झाली ती काटकसर. एका शहरात बसलेला निवेदक दहा शहरांसाठी बोलणे आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवू लागला. ज्या गावाचे नाव त्याला धड उच्चारता येत नाही, त्या गावच्या पावसाबद्दल तो गोडगोड बोले! नॉर्थ डकोटातल्या मायनॉट गावात जानेवारी 2002 मध्ये मध्यरात्री अमोनिया वाहून नेणारी मालगाडी घसरली, विषारी ढग घरांवर आला, एक माणूस प्राणास मुकला, शेकडो आजारी पडले. गावातली सहाही व्यापारी केंद्रे क्लिअर चॅनेलची होती. पोलिसांनी फोन केले, तर उचलायला माणूस मिळेना. पोलिसांनी आणीबाणीची यंत्रणा नीट वापरली नाही, असे कंपनीने वर तोंड करून सांगितले. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, ते हेच.

गाण्यांची निवड कोण करी? सभागृहात माणसे जमवायची, प्रत्येक गाण्याचा आठ-दहा सेकंदांचा तुकडा ऐकवायचा, गुण घ्यायचे आणि ज्यावर कोणी नाक मुरडले नाही तेवढेच ठेवायचे. अशा चाळणीतून उरलेली काहीशे गाणी वर्षानुवर्षे फिरत राहिली, मध्ये जाहिरातींचे लांबलचक गठ्ठे. खानावळीत रोज तीच शिळी आमटी वाढायची आणि गिऱ्हाईक फिरकेनासे झाले की गावाची भूकच मेली म्हणायचे, अशातला हा प्रकार! आणि सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांनंतर क्लिअर चॅनेलच्याच केंद्रांमध्ये दीडशेहून अधिक ‘आक्षेपार्ह’ गाण्यांची यादी फिरली. त्यात जॉन लेननचे ‘इमॅजिन’ होते आणि रेज अगेन्स्ट द मशीन या बँडची झाडून सगळी गाणी होती. ही बंदी नव्हे, सूचना आहे, असा खुलासा झाला. बंडाचे संगीत विकून पोट भरणाऱ्यांना बंडाची एवढी भीती!

पण खरा घाव पैशाचाच आहे. 2008 मध्ये बेन कॅपिटल आणि थॉमस ली या गुंतवणूकदार पेढ्यांनी क्लिअर चॅनेल विकत घेतली ती कर्ज काढून, आणि ते कर्ज चढवले कंपनीच्याच डोक्यावर. पुढच्या जानेवारीत 1,850 कर्मचाऱ्यांना एकदम घरी पाठवले. यात निवेदकही होते, ज्यांच्या आवाजावर शहरे उठत नि झोपत. तरीही व्याज फिटेना. नाव बदलून आयहार्टमीडिया केले, तरी मार्च 2018 मध्ये 20 अब्ज डॉलरच्या कर्जाखाली ही कंपनी दिवाळखोरीच्या न्यायालयात उभी राहिली. क्युम्युलस ही दुसरी बडी रेडिओ कंपनी तिच्या सुमारे चार महिने आधीच तेथे पोचली होती, आणि ऑडेसी ही तिसरी 2024 च्या जानेवारीत गेली. अकलेचे दिवाळे आधी निघाले, पैशाचे मागाहून. या तिन्ही कंपन्यांना श्रोत्यांनी बुडवले असे जो म्हणेल त्याने आधी त्यांच्या व्याजाचा हिशेब वाचावा.

स्पॉटिफाय आले, यूट्यूब आले, 2017 मध्ये नीलसन या मोजणी करणाऱ्या कंपनीच्या आकड्यांत हिपहॉपने रॉकला मागे टाकले. हे सगळे खरे. म्हणून काय? नीलसनचीच मोजणी सांगते की आठवड्यातून एकदा तरी रेडिओ ऐकणारे प्रौढ अमेरिकी आजही दहांत आठांच्या आसपास आहेत. मोबाइलमध्ये जगातली सगळी गाणी असताना तीच शिळी काहीशे गाणी ऐकायला कोण येणार? हे मालक यंत्राशी यंत्र होऊन झुंजायला गेले आणि हरले. माणूस हा एकच हुकमी पत्ता हातात होता, तो यांनी पगार वाचवायला फेकून दिला. यू-टू या बँडला अमेरिकेत सर्वांत आधी उचलून धरणाऱ्यांपैकी एक असलेले ते बोस्टनचे डब्ल्यूबीसीएन सीबीएस कंपनीने ऑगस्ट 2009 मध्ये एफएमवरून उतरवले, त्या फ्रिक्वेन्सीवर आपलेच दुसरे संगीत केंद्र हलवले आणि त्या केंद्राच्या रिकाम्या जागी खेळांच्या गप्पा आणून बसवल्या.

श्रोत्यांना हाकलले तर ते कोठे जातात, हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. पुण्याचे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर 1952 मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरची चित्रपटगीते आटली. श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले, अमीन सयानी यांच्या आवाजाकडे, आणि 1957 मध्ये सरकारला विविध भारती काढावी लागली. केसकरांवर टीका पुष्कळ झाली व ती रास्त होती. पण केसकरांना निदान संगीत कळत होते, त्यांचा हट्ट शास्त्रीय संगीताच्या प्रेमापोटी होता. या अमेरिकी सावकारांना कोणत्या संगीताचे प्रेम आहे? कोणी सांगेल काय?

आता फिलाडेल्फियाकडे पाहा. तेथले डब्ल्यूएमएमआर रॉकच वाजवते आणि शहरातल्या वरच्या केंद्रांत बसते. पिअर रॉबर्ट हा निवेदक 1981 मध्ये तेथे आला आणि चार दशकांहून अधिक काळ त्याच माइकवर राहिला. सकाळचे प्रेस्टन आणि स्टीव्ह दरवर्षी भुकेल्यांसाठी टनांनी अन्न गोळा करतात, आणि शहर रांगा लावून देते. हे व्यापारी केंद्र आहे, धर्मादाय नव्हे. माणूस ठेवूनही धंदा होतो. सिएटलचे केईएक्सपी त्याहून धीट. पूर्वीच्या केसीएमयू या विद्यापीठीय केंद्रातून ते उभे राहिले. तेथे साउंडगार्डनचा किम थायिल आणि मडहनीचा मार्क आर्म स्वतः निवेदक होते. आज ते मुख्यतः श्रोत्यांच्या वर्गणीवर चालते, यूट्यूबवर त्याचे 30 लाखांहून अधिक सदस्य आहेत, आणि बड्या कंपन्या दिवाळखोरीच्या कोर्टात खेटे घालत असताना त्याने सॅन फ्रान्सिस्कोतली एक फ्रिक्वेन्सी लिलावात 37.5 लाख डॉलरला घेऊन 2024 च्या वसंतात तेथे गाणी सुरू केली. डोनाह्यूच्याच शहरात!

आणि एवढे होऊनही या मालकांची मस्ती पाहा. त्यांची संघटना, नॅशनल असोसिएशन ऑफ ब्रॉडकास्टर्स, एफसीसीकडे मागणी करते आहे की शहरामागे आठ केंद्रांची उरलीसुरली मर्यादाही काढून टाका, नाहीतर आम्ही टिकणार नाही. बाराशे केंद्रे गिळून दिवाळे काढले, आता उरलेलीही गिळू द्या! एफसीसीच्या अध्यक्षांना थोडी जरी चाड असेल तर त्यांनी हा अर्ज केराच्या टोपलीत टाकावा, आठाचे चार करावेत आणि सुटलेल्या फ्रिक्वेन्सी ज्या-त्या शहरातल्या माणसांना द्याव्यात.