स्वयंपाकघरात कपाटे किती हवीत?



जुन्या घराचे स्वयंपाकघर नवे करायचे म्हटले की पहिला प्रश्न हाच येतो, "सामान ठेवायला जागा किती वाढेल?" ओळखीतल्या चार-पाच घरांत हे काम झाले, आता आमच्याकडे सुरू आहे. माझे मत जरा उलटे आहे. आपल्या जैन घरात कपाटे जितकी कमी तितके बरे. पैसा ओट्यावर, उजेडावर आणि पाण्याच्या निचऱ्यावर लावावा.

आमचे घर १९५३ सालचे. नागपूर तेव्हा जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते. तो मान १९५६ साली गेला. सुधार प्रन्यासच्या नव्या लेआउटमध्ये प्लॉट चौकोनी पडत, पण इतवारीत गल्ली जशी वळेल तशी भिंत वळायची. म्हणून आमच्या स्वयंपाकघराची एक बाजू अकरा फूट, समोरची सात, खोली दहा फूट आणि एक भिंत सरळ तिरपी. सामानाला भिंतीतले एक फडताळ, कडप्प्याच्या दोन फळ्या, दोन कोनाडे. बस. घर बांधले तेव्हा सासूबाई खाली पाटावर बसून चुलीवर रांधत. ओटा नंतर आला, गॅस त्याच्याही नंतर, आणि दोन्ही जिथे जागा दिसली तिथे बसले. त्यामुळे सिंकपासून शेगडीपर्यंत पूर्ण खोली ओलांडून जावे लागते. ओटा सासूबाईंच्या उंचीचा. सून माझ्यापेक्षाही उंच, ती पोळ्या लाटते तेव्हा तिची पाठ बघवत नाही.

म्हणजे बदल हवाच होता, त्याबद्दल वाद नाही. वाद झाला तो इंटिरिअरवाल्या मुलीच्या नकाशावरून. तिने तिरप्या भिंतीपुढे सरळ फळ्या उभ्या करून मागची जागा बंद केली, छतापर्यंत कपाटे नेली, ओट्याखाली ट्रॉल्या आणि वर माळा. कांदे-बटाट्यांसाठी तारेची खास ट्रॉलीसुद्धा! मी म्हटले, बेटा, ही आमच्याकडे रिकामीच राहील. तिला वाटले मी गंमत करतेय.

आता हिशेब बघा. पिठाची मर्यादा आपल्याकडे पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७ दिवस. दळलेल्या मसाल्यांचेही तेच. चार माणसांच्या घरात तीन दिवसांचे पीठ ते किती? दोन-तीन किलो. त्याला वीस किलोची कोठी कशाला? गाळलेल्या पाण्याची मर्यादा तर एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे. आपला आचारच असा आहे की वस्तू येते, गाळली-निवडली जाते, वापरून संपते. मी कॉमर्सची. माल किती दिवसांत फिरतो हे न बघता गोदाम वाढवणारा व्यापारी बुडतो, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवले होते. मर्यादा पाळणाऱ्या घराचा माल लवकर फिरतो, त्याला गोदाम लहान पुरते. वर्षाचा गहू मात्र अपवाद. तो उन्हाळ्यात येतो, कडक ऊन खाऊन कडुलिंबाच्या पाल्यासकट कोठीत जातो. पण त्याची जागा आतल्या कोरड्या खोलीत, ओट्याच्या वाफेत नाही.

काम सुरू करण्याआधी मी सगळे बाहेर काढून वहीत नोंद केली. हे प्रत्येकीने कराच, नकाशा काढायच्या आधी करा. आमच्या घरात तिघींचे रुखवत निघाले: सासूबाईंची पितळ, माझे स्टील, सुनेचे काचेचे. शिवाय दिवाळीच्या भेटीतले प्लास्टिकचे डबे, त्यांची झाकणे वेगळी, डबे वेगळे. कपाटे कमी पडत होती ती या पसाऱ्याला, स्वयंपाकाला नाही. दशलक्षणात रोज एक अध्याय याप्रमाणे तत्त्वार्थसूत्र वाचले जाते. सातव्या अध्यायात परिग्रह-परिमाणाचे अतिचार येतात: शेत, घर, सोने, चांदी, धान्य, आणि यादीच्या शेवटी कुप्य. त्यात कापडचोपड आले तशी भांडीकुंडीही आली, असे पंडितजी समजावतात. दरवर्षी ऐकतो आपण. मोठी पातेली आणि पंचवीस ताटे-वाट्या मंदिराच्या भोजनशाळेत गेली, आणि निम्मी ट्रॉली नकाशावरून आपोआप उतरली.

दुसरी गोष्ट जीवांची. हे मी सगळ्यात महत्त्वाचे मानते. नागपूरचा उन्हाळा ४५ अंशांवर जातो आणि मग जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींना ओल येते. अशा वेळी बंद कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे महिनोन्‌महिने हात पोचत नाही, तिथे डाळीला जाळी लागते, सोंडे होतात, ट्रॉलीच्या पट्ट्यांमागे झुरळे घर करतात. पार्टिकल बोर्डला सिंकखालचे पाणी लागले की तो फुगतो, मग विचारूच नका. त्यानंतर फवारणीवाल्याला बोलवायचे की नाही हा पेच पडतो, आणि कसाही सोडवला तरी मन खाते. जीव झाल्यावर काय करायचे यापेक्षा जीव होऊच नयेत अशी मांडणी करणे हा आपला धर्म, आणि ती मांडणी सुतारापासून सुरू होते. म्हणून आम्ही ओट्याखाली कडप्प्याचे उघडे कप्पे ठेवले. सगळ्यात खालचा कप्पा जमिनीपासून नऊ इंच वर, म्हणजे खालून झाडू आणि पोछा फिरतो. वरच्या फळ्या हात पोचेल एवढ्याच उंचीवर. जे रोज डोळ्यांना दिसते ते रोज पुसले जाते. उघड्यावर धूळ बसते, हे सुनेचे म्हणणे खरे आहे. पण धूळ पुसता येते.

ही काळजी फक्त आपल्यालाच असते असे नाही बरे का. १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या बाईंनी एक स्वयंपाकघर आखले. आजच्या मॉड्युलर किचनची ती आजी म्हणतात. जागा १.९ मीटर बाय ३.४ मीटर, म्हणजे सुमारे ७० चौरस फूट, आमच्यापेक्षा लहान. त्यात पिठाचा खण ओक लाकडाचा होता, कारण त्या लाकडाने पिठात अळ्या होत नाहीत असा समज. बाईंनी पावले मोजून ओटा, सिंक आणि शेगडी जवळजवळ आणली. ही पावलांची गोष्ट आपण जरूर घ्यावी. हिवाळ्यात नागपूरला साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. नोकरी करणारी सून धावत घरी येते तेव्हा हातात अर्धा तास असतो. त्या अर्ध्या तासात खोली वीस वेळा ओलांडायची नसेल तर सिंक शेगडीच्या बाजूलाच हवे. ते आम्ही हलवले. मोरीचा नळ नवा काढावा लागला, फरशी फोडावी लागली, सगळ्यात जास्त खर्च तिथेच झाला, आणि तो योग्य जागी झाला. ओटा कोपराच्या चार-पाच इंच खाली येईल असा, सुनेच्या मापाने. पुढची तीस वर्षे तिला तिथे उभे राहायचे आहे.

पण फ्रँकफुर्टचे स्वयंपाकघर एकट्या बाईसाठी होते. आपल्याकडे एक पाणी गाळते, एक पोळ्या करते, एक डाळ निवडत बसलेली असते. आणि चौका लागला तर विचारू नका.

त्या तिरप्या भिंतीजवळ, पूर्वेच्या खिडकीखाली, चार बाय पाच फुटांची जागा मोकळी आहे. नकाशात तिला "डेड कॉर्नर" म्हटले होते आणि तिथे छतापर्यंतचे कपाट होते. आमच्या घरी मुनिराजांचा आहार जेव्हा झाला तेव्हा तिथेच झाला. महाराज उभे राहून ओंजळीत आहार घेतात. पायाखालची जमीन स्वच्छ दिसेल एवढा उजेड हवा, देणाऱ्यांना समोर उभे राहता यायला हवे. सुनेने सरळ विचारले, "आई, असे किती वेळा झाले?" मी सांगितले, माझ्या आठवणीत सहा वेळा. "सहा वेळांसाठी वीस चौरस फूट?" कॉमर्सच्या बाईला हा प्रश्न विचारायला हिंमत लागते, आणि प्रश्न रास्तच आहे.

माझे उत्तर असे. २०१७ साली आचार्य विद्यासागरजींचा चातुर्मास रामटेकला होता, तेव्हा आम्ही काही दिवस तिथे चौका लावला. एक खोली, दोन शेगड्या, मोजकी भांडी, गाळण्याचे दुहेरी कापड. कशाचीही कमी पडली नाही, कारण मधली जागा मोकळी होती. भांडी उसनी आणता येतात, कपाट भाड्याने मिळते, मोकळी जमीन आयत्या वेळी कुठून आणणार? पडगाहनासाठी दारात उभे राहताना आत जागा आहे हे माहीत असावे लागते. बाकीच्या दिवशी तीच जागा धान्य निवडायला, पाट टाकून बसायला आणि नातवाच्या अभ्यासाला असते, म्हणजे रिकामी ती कधीच नसते.

जागा राहिली. तिरप्या भिंतीच्या दुसऱ्या टोकाला, जिथे खरोखर काहीच बसत नव्हते, त्या निमुळत्या कोनात घरघंटी गेली. घडवंची खिडकीजवळ होती तशीच आहे. धूर बाहेर फेकणारा पंखा मोठा घेतला. फ्रिज मात्र बाहेर जेवणाच्या खोलीत गेलाय, आणि त्यावर घरात अजून एकमत नाही.