चित्रकथेतला शत्रू

‘अमर चित्रकथा’मध्ये मुसलमान बहुधा खलनायक म्हणून येतो, तेव्हा ही पुस्तके मुलांच्या हाती देऊ नयेत, असे आपल्यातले काही पालक म्हणतात. तक्रारीत तथ्य आहे. उपाय मात्र मला पटत नाही.

अनंत पै यांनी १९६७ मध्ये ही मालिका सुरू केली. एका अंकाची पाने बत्तीस. तेवढ्यात गोष्ट रंगवायची तर एक नायक, एक शत्रू आणि एक लढाई लागतेच. तह, महसूल, वतनाचे तंटे चित्रात रंगत नाहीत. शत्रू पाहताक्षणी ओळखू यावा म्हणून त्याला दाढी आणि लाल डोळे दिले जातात. वर्गात त्याच नावाचा मुलगा बसलेला असतो, त्याला याची झळ लागते.

पण याच मालिकेत अकबर, शेरशहा आणि चांदबिबीही आहेत. मीराबाईच्या अंकाची चित्रे तर युसूफ लीन या चित्रकाराची. चांदबिबीचीच गोष्ट घ्या. १५९५ च्या अखेरीस अहमदनगरच्या किल्ल्याला वेढा घातला तो अकबराचा मुलगा मुराद याने. सुरुंगाने तट फुटला, तेव्हा तिने तो रातोरात बुजवून घेतला. १५९६ मध्ये वऱ्हाड देऊन तिने तह केला. १६०० मध्ये ती मारली गेली, तीही स्वतःच्याच माणसांच्या हातून. यात धर्मयुद्ध कुठे आहे? शिवाजी महाराजांवर चालून आलेला मिर्झाराजा जयसिंग रजपूत होता आणि महाराजांच्या आरमारात दौलतखान होता. सत्तेची लढाई धर्माच्या रेघेवर चालत नसते, हे मुलाला सांगायला आणखी काय हवे?

म्हणून पुस्तक काढून घेऊ नका, मुलाशेजारी बसून वाचा. राजाच्या फौजेत कोण होते, शत्रूच्या फौजेत कोण होते, एवढे दोनच प्रश्न विचारा.

आणि मलिक अंबर, फातिमा शेख यांच्या चांगल्या चित्रकथा मराठीत आपणही लिहू या. मात्र त्यात फक्त खलनायकाचा पोशाख बदलणार असेल, तर ते कष्ट न घेतलेलेच बरे.