घरी यायचे कोणत्या पासपोर्टवर?

नाताळ जवळ आला की मोपा आणि दाबोळीच्या विमानतळांवर विलायतेतून आलेली गोव्याची तरुण पोरे दिसू लागतात. कोणी स्विंडनला वाढलेले, कोणी साउथॉलला. सासष्टी-बारदेसमधल्या आजीच्या घरी पंधरा दिवस राहायचे, गावच्या फेस्ताला हजेरी लावायची आणि परत जायचे, एवढाच त्यांचा बेत असतो. त्यांच्याजवळ पोर्तुगालचा पासपोर्ट असतो. काहींच्या बॅगेच्या तळाशी भारताचाही असतो, कारण लहानपणी तो काढलेला होता आणि तो परत करायचा असतो हे घरात कोणी सांगितले नाही, किंवा सांगूनही कोणी मनावर घेतले नाही. यातला कोणता पासपोर्ट अधिकाऱ्यापुढे धरायचा, हा प्रश्न वरवर प्रवासाचा दिसतो. प्रत्यक्षात तो नागरिकत्वाचा आहे, आणि पुढे पोलीस ठाण्यापर्यंतही जाऊ शकतो. ज्याच्यावर तो कोसळतो त्याने बहुतेकदा कोणत्याही कागदावर स्वतः सही केलेली नसते. आमचा आक्षेप नेमका एवढ्यापुरता आहे.

दुहेरी नागरिकत्व भारत मानत नाही. नागरिकत्व कायदा, 1955 चे नववे कलम सांगते की भारतीय नागरिकाने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले, की त्याचे भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी आपोआप संपते. त्यासाठी आदेश लागत नाही की नोटीस लागत नाही. परदेशी पासपोर्ट मिळवला हाच त्याचा निर्णायक पुरावा, असे नियम म्हणतात. या धोरणाशी आमचे भांडण नाही. एका हाताने लिस्बनचा पासपोर्ट आणि दुसऱ्या हाताने गोव्यातले मतदार ओळखपत्र बाळगणाऱ्या प्रौढ माणसाबद्दल गळा काढण्याचे कारण नाही. दोन डगरींवर पाय ठेवून चालायचे तर कधीतरी पडणे आलेच. 2024 या एका वर्षात दोन लाखांहून अधिक भारतीयांनी नागरिकत्व सोडले. त्यातल्या बहुतेकांनी हा व्यवहार समजून-उमजून केला, जुना पासपोर्ट परत केला, ओसीआय (भारताचे परदेशस्थ नागरिक) कार्ड घेतले आणि ते आता निर्वेधपणे ये-जा करतात.

गोव्याची गोष्ट वेगळी आहे आणि ते वेगळेपण इतिहासाने घडवले आहे. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. 28 मार्च 1962 रोजी भारत सरकारने गोवा, दमण आणि दीव नागरिकत्व आदेश काढला. ज्यांचा स्वतःचा, आईवडिलांचा वा आजी-आजोबांचा जन्म या प्रदेशात 20 डिसेंबर 1961 पूर्वी झाला, ते सगळे त्या तारखेपासून भारतीय ठरले. ज्यांना आधीचे नागरिकत्व ठेवायचे होते त्यांना तसे लेखी कळवण्यासाठी महिनाभराची मुदत दिली होती. भारताच्या दृष्टीने विषय तिथे मिटला. पोर्तुगालच्या दृष्टीने तो मिटलाच नाही. 1974 च्या अखेरीस करार करून त्या देशाने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले, पण पुढच्याच वर्षीच्या कायद्याने तिथे जन्मलेल्यांचे पोर्तुगीज नागरिकत्व शाबूत ठेवले. त्यांच्या मुला-नातवंडांनाही ती वाट मोकळी राहिली. अट एकच: जन्माची नोंद लिस्बनच्या मध्यवर्ती निबंधकाकडे करायची. (चिमाजी अप्पांनी वसई 1739 मध्येच घेतली, त्यामुळे वसईकरांवर हा प्रसंग ओढवला नाही. इतिहास कोणाला कुठे उपयोगी पडेल ते सांगता येत नाही.)

या नोंदीकडे दोन देश दोन नजरांनी पाहतात, आणि खरी मेख तिथे आहे. पोर्तुगालच्या 1981 च्या नागरिकत्व कायद्यानुसार पोर्तुगीज आईबापांच्या मुलाचे नागरिकत्व त्याच्या जन्मापासून धरले जाते. नोंद म्हणजे फक्त आधीच असलेल्या गोष्टीची दप्तरी दखल. थोडक्यात, पोर्तुगाल म्हणतो, तू जन्मतःच आमचा होतास. भारत म्हणतो, नोंद केलीस त्या दिवशी तू आमचा राहिला नाहीस. मडगावच्या वकिलाकडे फाइल देऊन जोडप्याने स्वतःची नोंद केली आणि लगे हाथ सात वर्षांच्या मुलाचीही केली, तर त्या मुलाने स्वेच्छेने काय केले? इंग्लंडात नोकरी मिळावी म्हणून बापाने निर्णय घेतला, आईने फोटो काढून आणला, मूल शाळेत होते. तेच मूल एकोणिसाव्या वर्षी आजीला भेटायला येते आणि भारतीय राज्यव्यवस्था त्याला विचारते, तू तुझे नागरिकत्व स्वेच्छेने का सोडलेस?

प्रवासाच्या बाजूने पाहिले तर कोंडी आणखी स्पष्ट होते. हा मुलगा भारतीय पासपोर्टवर गोव्यात उतरला, तर आत येताना कदाचित कोणी काही बोलणार नाही. परतताना मात्र विमान कंपनीला त्याचा ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क तपासावा लागतो. ब्रेक्झिटनंतर तो हक्क संगणकावर नोंदलेला आहे आणि सहसा पोर्तुगीज पासपोर्टशी जोडलेला आहे. तो पुढे केला की इमिग्रेशनचा अधिकारी त्यावर येतानाचा शिक्का शोधतो; शिक्का असतो दुसऱ्याच पासपोर्टवर. उलट, तो पोर्तुगीज पासपोर्टवर भारताचा व्हिसा मागायला गेला, तर पूर्वीचे राष्ट्रीयत्व आणि जुन्या भारतीय पासपोर्टचे काय केले हे विचारले जाते. खरे लिहिले तर अर्ज अडतो, खोटे लिहिले तर गुन्हा होतो. 1 सप्टेंबर 2025 पासून लागू झालेल्या परकीय नागरिकांविषयीच्या नव्या कायद्यात वैध पासपोर्ट वा व्हिसाविना प्रवेश केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. बनावट कागदपत्रे वापरणाऱ्यांना याहून कडक शिक्षा आहे, आणि ती असलीच पाहिजे. पण आईवडिलांच्या अर्धवट कागदपत्रांचे ओझे वाहणाऱ्या पोराला याच कलमांची धास्ती घेऊन घरी यावे लागते, हे कायदा करणाऱ्यांच्या मनात असेल असे आम्हाला वाटत नाही.

मग त्याने सरळ मार्गाने जावे. तो मार्ग म्हणजे जुना भारतीय पासपोर्ट परत करून सरेंडर सर्टिफिकेट घेणे आणि त्याच्या आधारे ओसीआय कार्डासाठी अर्ज करणे. 15 ऑगस्ट 1947 नंतर भारतात सामील झालेल्या प्रदेशातल्या लोकांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना ओसीआय मिळू शकते, म्हणजे गोव्याच्या या मुलाचा हक्क कायद्यातच आहे. पण 2022 च्या नोव्हेंबरात परराष्ट्र मंत्रालयाने एक परिपत्रक काढले आणि या सरळ मार्गावरच खड्डा पडला. लिस्बनमध्ये नोंद झाल्यानंतर ज्याने भारतीय पासपोर्ट काढला किंवा नूतनीकरण करून घेतला, त्याने माहिती दडवली असे धरून त्याचा पासपोर्ट परत न घेता रद्द करायचा, असे पणजीत घडू लागले. रद्द झालेल्याला सरेंडर सर्टिफिकेट मिळत नाही. ते नाही म्हणून ओसीआय नाही. गंमत अशी की जो स्वतःहून पासपोर्ट परत करायला खिडकीवर आला तोच सापडला. जो घरी गप्प बसला त्याच्या केसालाही धक्का लागला नाही. एप्रिल 2024 मध्ये, गोव्यातले लोकसभेचे मतदान महिन्यावर आले असताना, रद्दीकरणाचा आदेशच सरेंडर सर्टिफिकेटच्या जागी चालेल, असा दिलासा जाहीर झाला. दिलाशाचे स्वागतच. मात्र जे कार्यालयीन परिपत्रकाने दिले जाते ते कार्यालयीन परिपत्रकानेच काढूनही घेता येते, आणि माणसाचे नागरिकत्व अशा कागदावर टांगून ठेवणे राज्याला शोभत नाही.

वयात आल्यावर निवड करू द्यावी, ही कल्पना भारतीय कायद्याला परकी असती तर आम्ही हा आग्रह धरला नसता. ती याच कायद्यात दोनदा आलेली आहे. परदेशात जन्मलेले आणि वंशाने भारतीय असलेले मूल त्या देशाचेही नागरिक असेल, तर सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत त्याने परके नागरिकत्व सोडावे, नाहीतर भारतीय नागरिकत्व जाईल, असे चौथे कलम सांगते. म्हणजे न्यू जर्सीत जन्मलेल्या आणि वाणिज्य दूतावासात वर्षाच्या आत नोंदलेल्या पुण्याच्या जोडप्याच्या मुलाला साडेअठरा वर्षे वयापर्यंत दोन्ही नागरिकत्वे कायद्यानेच चालतात. नोंदणीच्या वेळी अट फक्त एवढी की दुसऱ्या देशाचा पासपोर्ट त्या मुलाकडे नाही, असे आईवडिलांनी लिहून द्यायचे. आठवे कलम त्याहून उदार आहे. आईवडिलांनी रीतसर घोषणा करून भारतीय नागरिकत्व सोडले, तर त्यांच्याबरोबर ते गमावलेल्या मुलाला सज्ञान झाल्यापासून वर्षभरात ते परत मागता येते. राहिले नववे कलम, ज्याखाली गोव्याची ही मुले येतात. तिथे मुलांबद्दल एक अक्षरही नाही.

ही पोकळी न्यायालयाने भरून काढावी, अशी आशा ठेवण्यात आता अर्थ नाही. 18 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सिंगापूरमध्ये जन्मलेल्या एका तरुणाचा दावा फेटाळताना स्पष्ट केले की परदेशी नागरिकत्व घेतल्यामुळे आईवडिलांचे नागरिकत्व नवव्या कलमाखाली आपोआप संपले असेल, तर आठव्या कलमातली मुलांसाठीची सवलत लागू होत नाही. कायद्याच्या शब्दांपुरते पाहिले तर निकाल बरोबर आहे. त्याचा परिणाम मात्र विचित्र आहे. आईबापांनी आधी फॉर्म भरून नागरिकत्व सोडले की मुलाला एक हक्क, आणि आधी परका पासपोर्ट घेतला की तोच हक्क नाही. दोन्ही घरांतल्या मुलांनी काहीच केलेले नसते. याच न्यायालयाने 1965 मध्ये, पाकिस्तानी पासपोर्टच्या एका प्रकरणात, पासपोर्ट स्वेच्छेने मिळवला नव्हता असे म्हणणाऱ्याला ते सिद्ध करण्याची संधी दिलीच पाहिजे, असे सांगितले होते. सात वर्षांच्या मुलाच्या नावावरच्या नोंदीला ते तत्त्व लावायला हरकत काय?

तेव्हा संसदेने नवव्या कलमाला एक पोटकलम जोडावे. अज्ञान असताना पालकांच्या अर्जाने झालेली परदेशी नोंद ही त्या मुलाची स्वेच्छा मानू नये. अठरा पूर्ण झाल्यावर वर्षभरात त्याने एक देश निवडावा. न निवडल्यास भारतीय नागरिकत्व संपले असे समजावे, पण पासपोर्ट परत करण्याचा आणि ओसीआयचा मार्ग त्याच्यापुढे विनादंड उघडा ठेवावा. या वर्षात त्याला घरी येता-जाता यावे म्हणून पासपोर्ट कार्यालयाने एकच कागद द्यावा, जो लंडनमधल्या विमान कंपनीच्या काउंटरवरही चालेल आणि मोप्यातल्या इमिग्रेशनलाही. सज्ञान झाल्यावर ज्यांनी लिस्बनची नोंद लपवून पासपोर्ट घेतला, मतदान केले किंवा निवडणूक लढवली, त्यांना यातले काही लागू करू नये.

यावर येणारा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे: गोव्यासाठी वेगळा न्याय कशाला? उत्तर असे की मागणी गोव्यापुरती नाही. टोरोंटोत किंवा सिडनीत आईबापांबरोबर नागरिकत्व बदललेल्या, पण जन्म ठाण्यात वा नागपुरात झालेल्या मुलांनाही नवव्या कलमातले हेच मौन भोवते. गोव्यात ते जास्त टोचते इतकेच, कारण तिथे मुलाने देश सोडण्याआधीच, मडगावच्या शाळेत बसल्याबसल्या, त्याचे राष्ट्रीयत्व बदललेले असते. दुसरा आक्षेप सुरक्षेचा. तो घेणाऱ्यांनी सध्याच्या व्यवस्थेत सरकारला काय कळते, ते पाहावे. परत करायला आलेल्याचा पासपोर्ट रद्द होतो, त्यामुळे कोणी येत नाही, आणि दोन पासपोर्ट असलेले नेमके किती आणि कोण, याची नोंद सरकारजवळ तयार होत नाही. अठराव्या वर्षी सक्तीची निवड ठेवली तर ही यादी आपोआप तयार होईल.

तोवर आईवडिलांनीही डोळे उघडावेत. मुलाची लिस्बनला नोंद करताना एजंट युरोपातल्या पगाराचे आकडे सांगतो. हेच मूल उद्या भारतात मत देऊ शकणार नाही, सरकारी नोकरी करू शकणार नाही, शेतजमीन विकत घेऊ शकणार नाही, हे सांगत नाही. 4 मार्च 2021 नंतर ओसीआय कार्ड घेतलेल्यांना वैद्यकीय प्रवेशात भारतीयांच्या जागांवर हक्क उरलेला नाही, हे तर अनेक एजंटांनाही माहीत नसावे. राज्य सरकारकडे अनिवासी गोमंतकीयांसाठी स्वतंत्र आयुक्तालय आहे. संसदेची वाट न पाहता त्याला एक काम आजपासून करता येईल: प्रत्येक तालुक्यात, फेस्तांच्या हंगामात, मराठी, कोंकणी आणि इंग्रजीत, या मुलांनी कोणत्या पासपोर्टवर यायचे आणि कोणत्यावर जायचे हे लेखी सांगणारी एक खिडकी उघडायची.