दप्तराची किल्ली कोणापाशी?

होळकरांच्या इंदूरहून खंडव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील सिमरोल हे गाव आमच्या वाचकांना परिचित असण्याचे कारण नाही. २००९ साली स्थापन झालेल्या इंदूर आयआयटीचे संकुल आज तेथे आहे. या संस्थेने आपले प्रबंध व संशोधनलेख ‘डीस्पेस’ नामक प्रणालीत, स्वतःच्याच पत्त्यावर, जतन केले आहेत. अमेरिकेतील एमआयटीचे ग्रंथालय आणि ह्यूलेट-पॅकार्ड कंपनी यांनी २००२ साली ही प्रणाली सर्वांना विनामूल्य खुली केली; ती कोणीही आपल्या संगणकावर बसवावी. दुसरा मार्ग आहे तो दरसाल भाडे भरून आपले कागदपत्र एखाद्या कंपनीच्या दूरस्थ संगणकांवर ठेवण्याचा. दप्तर संगणकावर आणू पाहणाऱ्या गोव्यातील प्रत्येक देवस्थानापुढे, सहकारी संस्थेपुढे आणि ग्रंथालयापुढे या दोहोंतून निवड करण्याचा प्रसंग येणार आहे.

यात केवळ सोय पाहून भागणार नाही. महाजनांच्या नामावलीतील एका नावावर पिढ्यांचे हक्क अवलंबून असतात आणि जमिनीच्या एका दस्तऐवजावर डोक्यावरचे छप्पर. बनावट दस्तऐवजांच्या आधारे जमिनी बळकावल्याच्या प्रकरणांसाठी गोवा सरकारला २०२२ साली विशेष तपास पथक नेमावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. दप्तर एकदा परक्याच्या स्वाधीन झाले म्हणजे काय होते, याचाही धडा आपल्या इतिहासात आहे. लिस्बन व गोवा यांच्यातील राजकीय पत्रव्यवहार ज्यांत बांधला जाई, त्या ‘मोसमांच्या ग्रंथां’पैकी बासष्ट खंड अठराव्या शतकात लिस्बनला नेण्यात आले, ते परत आले नाहीत.

भाड्याच्या व्यवस्थेचे लाभ नाकारण्यात अर्थ नाही. ज्या संस्थेत एकच कारकून आहे, तिने यंत्र विकत घ्यावे, त्याची देखभाल करावी, संगणकीय विषाणूंपासून ते राखावे, हे व्हायचे कसे? पण घरमालक अटी बदलू शकतो. शिक्षणसंस्थांना दिलेली अमर्याद साठवणीची सवलत मागे घेत असल्याचे गूगलने २०२१ साली जाहीर केले. जुलै २०२५ मध्ये तर युरोपीय संघाच्या निर्बंधांचे निमित्त होऊन मायक्रोसॉफ्टने गुजरातेत तेलशुद्धीकरण कारखाना चालविणाऱ्या नायरा एनर्जी कंपनीच्या सेवा रोखल्या. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा कुठे त्या पूर्ववत झाल्या. आमच्या एखाद्या गावातील पतसंस्थेला हे झेपेल काय?

मात्र ‘आपले ते आपल्या घरी’ एवढ्यानेही निर्धास्त होता येत नाही. २१ जून २०१२ रोजी मुंबईच्या मंत्रालयाला आग लागली व असंख्य फायली खाक झाल्या. ते दप्तर सरकारच्याच घरी होते. कागद जळतो, संगणक सुरक्षित असतो, असे कोणी म्हणेल, तर २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथे सरकारी संगणककेंद्राला लागलेल्या आगीत शासकीय कर्मचाऱ्यांची ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. तिची दुसरी प्रत अन्यत्र ठेवलेली नव्हती.

तेव्हा घर भाड्याचे की मालकीचे, हा वाद आमच्या मते दुय्यम आहे. आपले दप्तर हवे तेव्हा उचलून बाहेर पडता येते की नाही, हे आधी पाहावे. सिमरोलच्या संस्थेप्रमाणे ज्यांच्यापाशी जाणकार मनुष्यबळ आहे, त्यांनी ते घरीच ठेवावे. लहान संस्थांनी भाड्याची व्यवस्था पत्करण्यात कमीपणा मानू नये. पण सर्व कागद सूचीसह, कोणत्याही संगणकावर उघडतील अशा स्वरूपात, मागताक्षणी परत मिळतील आणि कोणत्या नोंदीत कोणी, केव्हा बदल केला हे कळत राहील, एवढे सही करण्यापूर्वी करारात लिहून घ्यावे. मार्ग कोणताही असो, एक प्रत दुसऱ्या गावी ठेवावी आणि वर्षातून एकदा ती उघडून पाहावी. मूळ कागद रद्दीत घालण्याची घाई तर मुळीच नको. अशा कराराचा नमुना राज्याच्या पुराभिलेख खात्याने मराठीत व कोंकणीत तयार करून दिला, तर लहान संस्थांवर मोठे उपकार होतील.

देवस्थानच्या कोठाराची किल्ली कोणापाशी आहे, हे विचारल्याशिवाय महाजन स्वस्थ बसत नाहीत. दप्तराच्या किल्लीविषयीही त्यांनी तेवढेच जागरूक असावे.