नोटीस हाती पडल्यावर तीन आठवडे

बर्लिनमधील एका सुपरमार्केटने ३१ वर्षे काम केलेल्या कॅशिअर महिलेला २००८ मध्ये तडकाफडकी बडतर्फ केले. आरोप काय, तर कुणा ग्राहकाची विसरलेली, बाटल्यांच्या अनामतीची १ युरो ३० सेंटची दोन कुपने तिने स्वतःसाठी वापरली. खालच्या दोन न्यायालयांनी मालकाची बाजू उचलून धरली. तरी ती मागे हटली नाही. १० जून २०१० रोजी जर्मनीच्या संघीय श्रम न्यायालयाने बडतर्फी रद्द केली. चूक गंभीर आहे; पण इतक्या वर्षांच्या सेवेपुढे ताकीद पुरेशी होती, असा निर्वाळा दिला.

हा न्याय मालकाच्या दयेचा नव्हता, कायद्याचा होता. १९५१ च्या सेवासमाप्ती संरक्षण कायद्यानुसार, १० हून अधिक कामगारांच्या आस्थापनेत सहा महिने सेवा झालेल्या कामगाराला काढायचे तर सबळ कारण लागते. एकतर कामगाराचे वर्तन, नाहीतर त्याची काम करण्याची क्षमता, किंवा धंद्याची निकड. कपात करतानाही सेवेची वर्षे, वय, कुटुंबाची जबाबदारी आणि गंभीर अपंगत्व पाहावे लागते. नोटीस कागदावर, सहीनिशी हवी. ई-मेल चालत नाही. कामगारांची निवडून आलेली समिती असेल, तर तिचे म्हणणे आधी न ऐकता दिलेली नोटीस रद्दबातल ठरते. २० वर्षे सेवा झालेल्याला मालकाने सात महिन्यांची नोटीस द्यावी लागते.

मग कामगार सुरक्षित झाला काय? नाही! लेखी नोटीस मिळाल्यापासून तीन आठवड्यांत दावा दाखल केला नाही, तर अन्यायाची सेवासमाप्तीही कायदेशीर ठरते. वकील नसला तरी श्रम न्यायालयाच्या कचेरीत तोंडी दावा नोंदवता येतो. परंतु गप्प बसणाऱ्याला हा कायदा वाचवत नाही. आणि छोट्या दुकानात, छोट्या हॉटेलात राबणाऱ्याला तर सबळ कारणाचे हे संरक्षणच लागू नाही. ज्याला आधाराची गरज सर्वांत जास्त, त्यालाच दाराबाहेर ठेवणारी ही उणीव आहे.

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला. तिकडे निघालेल्या आपल्या मुलामुलींनी जर्मन भाषेबरोबर हे तीन आठवडेही पाठ करावेत. कायदा पुस्तकात असून भागत नाही. तो कामगाराला ठाऊक असावा लागतो, आणि मुदतीत वापरावा लागतो.